बाटलीतला कांदा

दिवाळी अंकासाठी काहीतरी गोडधोड लिहा, असा संपादकांचा आग्रह असतो आणि तो योग्यही आहे. वर्षाचा सण. दारात आकाशकंदील, पुढ्यात फराळाचे ताट, हातात नवाकोरा अंक. अशा वेळी भांडण उकरून काढणारा लेखक कोणाला आवडेल? पण वाचकहो, यंदा माझ्या लेखणीला गोड काही सुचेना. एक भांडण मी वर्षभर पोटात घेऊन बसलो आहे. ते एकदाचे बोलून टाकल्याशिवाय मला करंजीसुद्धा गोड लागायची नाही. आणि या भांडणातला पहिला आरोपी मी स्वतःच आहे. तेव्हा मास्तर दुसऱ्यांच्या नावाने खडे फोडतो, असे तरी कोणी म्हणू नये.

झाले असे. गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपता संपता आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात एक व्याख्यान झाले. विषय होता, 'रंगीत आहार आणि निरोगी जीवन'. वक्ते बाहेरगावचे. अंगात कोट, गळ्यात टाय, मागे पडद्यावर रंगीबेरंगी चित्रे. गावात कादंबऱ्या लिहिणारा मास्तर म्हणून अध्यक्षपदाची खुर्ची माझ्याकडे आली. खुर्ची आली की नारळ येतो, शाल येते, आणि त्यामागोमाग थोडा मूर्खपणाही येतो.

गृहस्थ बोलले मात्र फर्डे. 'फ्लॅव्होनॉइड' हा शब्द त्यांनी तासाभरात शंभर वेळा तरी उच्चारला असेल. कांद्यात फ्लॅव्होनॉइड, जांभळात फ्लॅव्होनॉइड, टोमॅटोत, गाजरात, हळदीत, जिकडे पाहावे तिकडे फ्लॅव्होनॉइड! ते म्हणे म्हातारपण अडवते, हृदय राखते, साखर उतरवते, सांधे मोकळे करते, अशक्तपणा घालवते. ऐकता ऐकता माझ्या मनात आले की, समुद्रमंथनात चौदा रत्ने निघाली, त्यांत हे पंधरावे कसे राहून गेले? आणि शेवटी पिशवीतून बाटली निघाली. आत साठ गोळ्या, वर लालबुंद कांद्याचे चित्र. किंमत १,८०० रुपये. आज आलेल्या मंडळींना हप्त्याची सोय.

मी अध्यक्षीय समारोपाला उठलो आणि म्हणालो, "शास्त्राने आपल्या ताटातले अमृत शोधून काढले आणि ते बाटलीत भरून आपल्या दारी आणले आहे." टाळ्या पडल्या. वाक्य मला स्वतःलाही फार आवडले होते.

पुढे महिन्याभराने शाळेत प्रार्थनेच्या वेळी आठवीतली एक मुलगी उभी होती ती मटकन खाली बसली आणि तिथेच आडवी झाली. तोंडावर पाणी मारले, दवाखान्यात नेले. रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन सात. डोळ्याची पापणी खाली ओढून डॉक्टरांनी मला दाखवली. आतून खडूसारखी पांढरी. तिची आई कांदाकाटणीच्या मजुरीवर होती, ती रानातून तशीच धावत आली. डॉक्टरांनी विचारले, "बाई, मुलीला काही औषध चालू आहे का?" तिने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. लालबुंद कांद्याच्या चित्राची.

माझ्याकडे वळून ती म्हणाली, "गुर्जी, तुमीच त्या दिशी सांगितलं न्हवं का, बाटली चांगली हाय म्हनून? पोरीला लय थकवा यायचा. रोज सकाळी चहासंगं एक देत व्हते."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर मला सोसला असता.

दिवसभर कांदा काटून ज्या बाईच्या बोटांना महिनोन्‌महिने वास येतो, तिने कांद्याचे चित्र असलेली बाटली हप्त्याने विकत घ्यावी, आणि तिच्या पोरीच्या रक्ताला हवे होते ते लोह मात्र तिला कोणीच सांगू नये! या एका गोष्टीत सारे भांडण आले. एरवी मी कोणाच्या गोळ्यांवर लेख लिहायला बसलो नसतो.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस आहे. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेच्या प्रयोगशाळेतल्या गंधकाच्या वासापुरताच. पण वाचता येते, आणि न कळले तर विचारण्याची लाज वाटत नाही. त्या दिवसानंतर मी हा विषय जमेल तेवढा खणून काढला. त्यातून जे हाती लागले ते पुढे मांडतो. आधी हे नीट सांगतो की, फ्लॅव्होनॉइड हे थोतांड नव्हे. ते खरे आहे. थोतांड आहे ते त्याच्या नावाने चाललेले दुकान.

फ्लॅव्होनॉइड म्हणजे काय? लॅटिनमध्ये 'फ्लेव्हस' म्हणजे पिवळा. त्यावरून हे नाव. वनस्पती आपल्या अंगात पंधरा कर्बाणूंचा एक सांगाडा तयार करतात. सहा-सहा अणूंची दोन कडी आणि त्यांना जोडणारा तीन अणूंचा दुवा. या एका सांगाड्यावर निरनिराळे अलंकार चढवून निसर्गाने सहा हजारांहून अधिक पदार्थ घडवले आहेत. कांद्यातले क्वेर्सेटिन हे त्यांतले एक. जांभळाचा जांभळेपणा, काळ्या द्राक्षाचा काळेपणा, वांग्याच्या सालीचा रंग, लाल कांद्याची लाली हे सारे त्याच घराण्यातले. चहाचा तुरटपणा त्याच घरचा. मोसंबी-संत्र्याच्या पांढऱ्या पापुद्र्यातही तेच. आणि आमच्या शिरूर तालुक्याची जन्माची सोबतीण जी बाजरी, तिच्या पिठाचा करडा रंगसुद्धा याच कुळातल्या पदार्थांमुळे येतो.

पण गंमत पाहा. टोमॅटोची लाली या घराण्यातली नाही; ती लायकोपीनची. गाजराचा रंग कॅरोटीनचा. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा, आणि कर्क्युमिनही फ्लॅव्होनॉइड नव्हे. म्हणजे आमच्या वक्त्यांनी ज्या पाच-सहा गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या, त्यांतल्या निम्म्या मुळातच चुकीच्या होत्या, आणि अध्यक्ष शाल पांघरून मान डोलावत होते!

झाड हा पदार्थ कशासाठी बनवते? झाडाला पाय नाहीत. ऊन तापले तर सावलीला जाता येत नाही, कीड आली तर पळता येत नाही. म्हणून उन्हातल्या अतिनील किरणांपासून अंग राखायला, बुरशीला अटकाव करायला, मधमाशीला फुलाकडे बोलवायला ते ही रसायने वापरते. त्याहून सुंदर गोष्ट जमिनीखाली घडते. हरभऱ्याचे किंवा मुगाचे रोप उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू तिथे राहतात. त्या जिवाणूंना मुळाशी बोलावण्याचे काम मुळांतून पाझरणारे फ्लॅव्होनॉइड करतात. वेळ नदीच्या काठची आमची रानं पिढ्यान्‌पिढ्या हरभऱ्याचा बेवड धरत आली, त्याच्या मुळाशी हे निमंत्रण आहे. शाळेत मुलांना हे सांगितले की त्यांचे डोळे लकाकतात. शास्त्र असे सांगावे! पण झाडाने हा सारा खटाटोप स्वतःच्या संसारासाठी केला आहे, तुमच्या-आमच्या हृदयविकारासाठी नव्हे. आपल्याला त्याचा काही लाभ होत असेल तर तो वेगळा तपासून घ्यावा लागतो. नेमके हे तपासण्याचे कष्ट दुकानदाराला नको असतात.

हे दुकान आजचे नाही. १९३६ साली हंगेरीत आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबू आणि लाल मिरचीतून हा पदार्थ काढला. त्याने बारीक रक्तवाहिन्या मजबूत होतात, असे त्यांना वाटले, आणि त्यांनी त्याला 'जीवनसत्त्व पी' असे नाव दिले. सेंट-ग्यॉर्गी काही लहानसहान माणूस नव्हे. 'क' जीवनसत्त्वाच्या कामासाठी दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण पुढे शास्त्रज्ञांनी पडताळा घेतला तेव्हा असे दिसले की, जीवनसत्त्व म्हणावे अशी याची गोष्ट नाही. 'क' नसले तर हिरड्या सुजतात, रक्त येते, माणूस मरतो. हे नसले म्हणून असा कोणता रोग होतो, ते दाखवता येईना. १९५० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या समितीने ते नाव टाकून देण्याची शिफारस केली. नोबेल मिळवणाऱ्याचेही नाव पुराव्यापुढे टिकले नाही. मग या टायवाल्यांच्या बाटलीला आपण विनापुरावा नमस्कार का करावा?

ते म्हणतात, 'हे अँटिऑक्सिडंट आहे.' हा आजचा मंत्र. त्याचा अर्थ एवढाच की, परीक्षानळीत घातले असता हा पदार्थ दुसऱ्या पदार्थांचे ऑक्सिडीकरण रोखतो. रोखतो, यात वाद नाही. पण माणूस म्हणजे परीक्षानळी नव्हे. पोटात गेलेल्या फ्लॅव्होनॉइडपैकी थोडाच भाग रक्तात उतरतो. तोही आतडे आणि यकृत यांच्या हातून रूप पालटून जातो, आणि उरलेल्याचे तुकडे मोठ्या आतड्यातले जिवाणू करतात. नळीत जो पराक्रम दिसला तो रक्तात तसाच दिसेल, असे म्हणणे म्हणजे तालमीत आरशापुढे दंड थोपटणाऱ्याला हिंदकेसरी म्हणण्यासारखे आहे. अमेरिकेच्या कृषिखात्याने कोणत्या खाद्यात हा गुण किती, याची एक लांबलचक यादी प्रसिद्ध केली होती. २०१२ साली त्यांनीच ती मागे घेतली. त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवता येत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, ही कारणे त्यांनी स्वतःच दिली. २०११ साली युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही क्वेर्सेटिनच्या नावाने केलेले दावे पुरावा पुरेसा नाही म्हणून नाकारले. आमच्याकडे मात्र ती यादी अजून पडद्यावर झळकते आहे!

आता बाटलीचा हिशेब करू. हिशेब मास्तरला येतो. शंभर ग्रॅम कांद्यात जातीप्रमाणे साधारण २० ते ४० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन असते. लाल कांद्यात जास्त, पांढऱ्यात अगदी थोडे. त्या बाटलीतल्या एका गोळीत ५०० मिलिग्रॅम, असे वर छापले होते. म्हणजे एक गोळी बरोबर सव्वा ते अडीच किलो कांदा! भीमा-घोडेच्या खोऱ्यात कांद्याच्या चाळी भरणारा कोणता शेतकरी रोज दोन किलो कांदा खातो? अन्नाच्या प्रमाणात जे निर्धास्त आहे, ते दहा-वीस पटीने घेतले तरी निर्धास्तच राहील, ही खात्री कोणी दिली?

बरे, जास्त घेतले म्हणून जास्त मिळते, असेही नाही. १९९५ साली नेदरलँड्समध्ये नऊ स्वयंसेवकांवर एक प्रयोग झाला. आतड्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांच्या पोटात काय शोषले गेले आणि काय बाहेर पडले, हे मोजता येत होते. तळलेल्या कांद्यातले क्वेर्सेटिन निम्म्याहून किंचित जास्त शोषले गेले. शुद्ध स्वरूपात दिलेले जेमतेम पाव. कांद्यात ते साखरेच्या रेणूशी जोडलेले असते, त्याचा हा गुण. म्हणजे निसर्गाने गुळाबरोबर दिलेले औषध यांनी गूळ काढून विकायला ठेवले!

आणि त्या बाटलीवरच्या कांद्याचे काय? ऐका. बाजारातले बहुतेक क्वेर्सेटिन कांद्यातून काढलेलेच नसते. चीनमध्ये होणाऱ्या सोफोरा नावाच्या झाडाच्या कळ्यांतून ते मुख्यतः काढतात, कारण ते स्वस्त पडते. चित्र कांद्याचे आणि माल कळ्यांचा! आमच्या शेतकऱ्याच्या नशिबी फक्त चित्राचा मान. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि मे २०२४ पर्यंत टिकली, तेव्हा कांद्याच्या भावाचे काय झाले, हे आमच्या भागात कोणालाही विचारा. कांदा मातीमोल झाला तरी बाटलीचा भाव एक पैशाने उतरला नाही. शिवाय अशा मालावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. त्या बाटलीवरही ते छापले होते. इंग्रजीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. व्याख्यानात तेवढे एकच वाक्य वाचायचे राहून गेले.

कोणी म्हणेल, 'मास्तर, तुम्ही शास्त्राच्या विरुद्ध बोलता.' मी शास्त्राच्या बाजूने बोलतो आहे, म्हणूनच दुसरी बाजूही सांगतो. १९९३ साली नेदरलँड्समधल्या झुट्फेन गावच्या ८०५ वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात फ्लॅव्होनॉइड जास्त, त्यांच्यात हृदयविकाराने मरण कमी, असे त्यात दिसले. त्यांना ते मिळत होते चहा, कांदा आणि सफरचंदातून. कोणी गोळी खाल्ली नव्हती. पण अशा अभ्यासात एक अडचण असते. जो माणूस कांदा-सफरचंद खातो, तो कदाचित इतर बाबतींतही जपून राहतो. मग श्रेय कोणाचे? म्हणून चिठ्ठ्या टाकून कोणाला खरी गोळी, कोणाला खोटी, असे प्रयोग करावे लागतात. अमेरिकेत २१,४४२ वृद्ध स्त्री-पुरुषांवर कोकोतल्या अशाच पदार्थांचा प्रयोग झाला. निष्कर्ष २०२२ साली आले. हृदयविकाराच्या एकूण घटना कमी होतात का, या मुख्य प्रश्नाचे उत्तर 'सिद्ध झाले नाही' असे आले. हृदयविकाराच्या मृत्यूंत मात्र घट दिसली. ती आणखी तपासावी लागेल. शास्त्र असे बोलते. सावकाश, हातचे राखून. छातीठोकपणे बोलतो तो विक्रेता.

इथवर नुसता पैशाचा प्रश्न होता. त्या मुलीची गोष्ट त्याच्या पुढे जाते.

फ्लॅव्होनॉइड एका हाताने काही देत असेल, पण दुसऱ्या हाताने काढूनही घेते. चहातली ही तुरट रसायने आतड्यात लोहाला धरून बसतात आणि ते शरीरात उतरू देत नाहीत. भाकरी, डाळ, भाजी यांतल्या लोहाची तर ती वैरीच. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत झालेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसले. १९९९ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात पावाबरोबर काळा चहा दिला, तेव्हा लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटले. आणि त्यात दूध घातल्याने फारसा फरक पडला नाही. आता आपल्या घरातली सकाळ आठवा. चहा आणि बटर, चहा आणि चपाती, चहा आणि रात्रीची भाकरी. कामाला जाणाऱ्या बाईची आणि शाळेला जाणाऱ्या पोरीची ही न्याहारी. आधीच लोह तोकडे, त्यात जे आहे ते चहाने अडवून धरलेले. त्या माउलीने थकव्याची गोळी म्हणून जी दिली ती फ्लॅव्होनॉइडची, आणि तीही फ्लॅव्होनॉइडच्याच काढ्याबरोबर! पोरीच्या रक्तात लोह यावे कुठून?

ही एका घराची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चौपन्न रक्तक्षयाच्या निघाल्या. निम्म्याहून जास्त! लक्ष्मीपूजनाला आपण ज्यांना घरची लक्ष्मी म्हणून ओवाळतो, त्यांतल्या निम्म्या लक्ष्म्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या आहेत. त्यांना अँटिऑक्सिडंट विकणे म्हणजे तहानेल्याला अत्तर शिंपडणे होय.

बाजरीचेही तसेच. २०२३ साली तिला 'श्री अन्न' ही पदवी मिळाली आणि कालवर जिला गरिबाची भाकर म्हणून नाक मुरडत होते, ती चकचकीत पुडक्यात बसून शहरात गेली. गेली ते चांगलेच झाले. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण सहा मिलिग्रॅम लोह असते, तांदळाच्या कितीतरी पट. पण पुडक्यावर 'फ्लॅव्होनॉइडयुक्त' असे छापतात तेव्हा मला हसू येते. बाजरीतले हे पदार्थ कंठग्रंथीच्या कामात अडथळा आणतात, असे संशोधकांनी १९८९ साली दाखवले आहे. जिथे अन्न म्हणून फक्त बाजरीच आणि मिठात आयोडीन नाही, तिथे त्याने गलगंडाला हातभार लागू शकतो. भाजी-डाळीबरोबर, आयोडीनच्या मिठाबरोबर भाकरी खाणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही; मी स्वतः दोन वेळा बाजरीच खातो. सांगायचे एवढेच की, हे रसायन देवही नाही आणि दैत्यही नाही. ते एकटे काढून पूजायला बसाल तर फसाल.

याउलट अन्न म्हणून बाजरीकडे पाहिले की काय घडते, तेही पाहा. 'धनशक्ती' हे जास्त लोहाचे बाजरीचे वाण २०१२ साली महाराष्ट्रात आले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या, १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलांवर अशा बाजरीचा प्रयोग झाला. काही मुलांना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी, काहींना साध्या बाजरीची. जास्त लोहवाल्यांच्या अंगातला लोहाचा साठा चार महिन्यांतच सुधारला. हे निष्कर्ष २०१५ साली छापून आले. गोळी नाही, बाटली नाही, चुलीवरची भाकरी! या बातमीसाठी कोणी टाय बांधून आमच्या गावात आले नाही, कारण भाकरी हप्त्याने विकता येत नाही.

आणि कांदा? भाकरीवर बुक्कीने फोडलेला कांदा ही आपली सनातन जोडी. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत २०१० साली असे दिसले की, धान्य आणि डाळींबरोबर कांदा-लसूण असला, तर त्यांतले लोह आणि जस्त जास्त प्रमाणात मोकळे होते. हा प्रयोग मात्र परीक्षानळीतला; तेव्हा मघाचाच नियम मी इथेही लावतो आणि त्याचा डांगोरा पिटत नाही. पण कांद्याचा मान राखायचाच असेल तर एक गोष्ट घरात करता येते. त्यातला हा पदार्थ बाहेरच्या पाकळ्यांत जास्त असतो. पिवळे-लाल टरफल काढावे, पण घाईने दोन-दोन जाड पाकळ्या सोलून फेकू नयेत. उकडला तर पाण्यात काही अंश उतरतो. ते पाणी आमटीत घालावे. याला एक पैसा लागत नाही.

इतके लिहिल्यावर दुसरी एक मंडळी खुशीत येतील. ते म्हणतील, 'पाहा, आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते!' त्यांनाही हात जोडून सांगतो, नव्हते. पूर्वजांना फ्लॅव्होनॉइडचे गुण ठाऊक असते, तर कांदा-लसूण तामसी ठरवून चातुर्मासात वर्ज्य केला नसता, आणि आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून पुढच्या चार महिन्यांची बेगमी एका दिवसात पोटात भरण्याची पाळी आली नसती. पूर्वज शहाणे होते. जे पिकले, जे परवडले, जे पचले ते त्यांनी खाल्ले. त्यांच्या त्या शहाणपणावर आजच्या प्रयोगशाळेचा शिक्का मारण्याची काही गरज नाही. टायवाला बुवा आणि टिळेवाला बुवा यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. एकाचा अंगारा बाटलीत, दुसऱ्याचा पुडीत. दोघेही आधी तुमचा ताटावरचा विश्वास काढून घेतात आणि मग तुम्हाला काहीतरी देतात.

मग करावे काय? आमच्या भागात चासकमानचे पाणी आले, ऊस आला, घरात पैसा आला. शेजारी सणसवाडी-रांजणगावला कारखाने आले. पण त्याबरोबर परसातला शेवगा गेला, बांधावरची तुरीची ओळ गेली, मटकी-हुलगा दुकानातून पावशेराने येऊ लागला. जो पैसा आला त्यातला थोडा परत ताटाकडे वळवा, एवढेच माझे मागणे आहे. भाकरीबरोबर मोड आलेली मटकी, एखादी पालेभाजी, वर लिंबाची फोड. लिंबा-पेरूतले 'क' जीवनसत्त्व लोह शरीरात उतरवायला मदत करते. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी फुकट मिळते. पोरी ती नाक मुरडून गटारात टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ती जेवण झाल्यावर पाण्याबरोबर घ्यायला लावा. आणि चहा! चहा सोडा असे मी म्हणत नाही. आधी मलाच सोडावा लागेल. पण तो जेवणाबरोबर, न्याहारीबरोबर नको. २०१७ साली इंग्लंडमध्ये बारा स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात चहा जेवणानंतर तासाभराने दिला, तेव्हा लोहाचे नुकसान जवळजवळ निम्म्यावर आले. नुसता एक तास! घड्याळाकडे पाहण्याला हप्ता लागत नाही.

त्या मुलीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी तिच्या घरी जाऊन तिच्या आईला सगळे सांगितले आणि माझी चूक कबूल केली. तीन महिन्यांनी तपासले तेव्हा हिमोग्लोबिन साडेदहा. यंदा ती शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. बाटलीचे उरलेले हप्ते मात्र त्या माउलीने फेडले. मी भरतो म्हणालो, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या गुर्जी, तुमीबी आमच्यावानीच फसला."

हे वाक्य माझ्या त्या टाळ्याखाऊ वाक्याहून कितीतरी खरे होते. म्हणून यंदाच्या दिवाळीत मी माझ्यापुरते दोन नेम केले आहेत. ज्या व्याख्यानाच्या शेवटी बाटली निघते, त्या व्याख्यानाची अध्यक्षीय खुर्ची घ्यायची नाही. आणि तुमच्या गावात कोणी मास्तरला अशी खुर्ची देऊ लागले, तर हा अंक त्याच्या हातात द्या. दुसरा नेम घरातला. फराळाचे ताट पुढे आले की, आमच्या घरात चहाचे आधण तासाभराने चढते. घरातल्या लेकी-सुनांना पहिल्या दिवशी नवल वाटले. आता त्याच मला घड्याळ दाखवतात.

तुमच्याही घरात तेवढे करा. दिवाळी शुभ होवो!